काशाची वाटी आणि माझी चाळिशी

गुडघा दुखतो म्हटले की लोक हळहळतात, दात दुखतो म्हटले की ओळखीच्या दंतवैद्याचे नाव सांगतात, पण डोळ्याला नीट दिसत नाही असे चारचौघांत एकदा बोलून पाहावे, थेट उपचारच सुरू होतात. दोन डोळे प्रत्येकालाच असल्यामुळे त्या विषयाचा निदान निम्मा अभ्यासक्रम आपण जन्मतःच पूर्ण केला आहे, अशी सर्वांची समजूत असावी. हृदयाविषयी बोलताना माणसे थोडी चाचरतात, मूत्रपिंडाच्या बाबतीत तर गप्पच बसतात. डोळ्याच्या बाबतीत मात्र सातवीतल्या भाच्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत कुणाचेही मत तयार असते आणि ते ठाम असते.

माझ्या बाबतीत या मतांना तोंड फुटले ते गोळ्यांच्या एका पट्टीवरून. औषधाची मुदत कुठे आणि कशी छापावी याचा कारखानदारांनी फार खोलवर विचार केलेला असतो. चंदेरी कागदावर, चंदेरीच रंगात, शाईऐवजी नुसते दाबून उठवलेले आकडे, आणि तेही नेमके त्या कडेला जिथून पहिली गोळी फोडली जाते. मी पट्टी ट्यूबलाइटखाली तिरपी करून पाहिली, मग हळूहळू लांब नेत गेलो. हात पूर्ण ताणला तेव्हा तिथे आकडे आहेत एवढे कळले, कोणते ते कळेना. शेवटी पट्टी पत्नीच्या हातात देऊन तिला समोर उभे केले आणि मी दोन पावले मागे सरकलो. तिने ती तारीख वाचून दाखवली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण तिने पट्टी टेबलावर ठेवली आणि "चाळिशी लागली" असे जाहीर केले. त्याच संध्याकाळी गच्चीतून मी चौकाच्या पलीकडे वळणाऱ्या सिटी बसवरची 'निमाणी' ही पाटी सहज वाचली होती, हा मुद्दा मी मांडला. तो विचारात घेतला गेला नाही.

रविवारी मंडळी जमली. आमच्या घरात आजारापेक्षा आजाराची बैठक मोठी असते, आणि डोळ्याच्या बैठकीचे अध्यक्षपद वादातीतपणे आमच्या सासऱ्यांकडे, म्हणजे अण्णांकडे जाते. अण्णा पंचाहत्तरीला टेकले आहेत आणि चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचतात. पंचेचाळिशीपासून नाकावर असलेला त्यांचा चष्मा दोन वर्षांपूर्वी सुटला आणि तो आता कपाटाच्या खणात जुन्या पासबुकांसोबत पडून आहे. अशा माणसापुढे बाकीच्यांनी बोलायचे म्हणजे काय! या चमत्काराचे श्रेय अण्णा काशाच्या वाटीला देतात. वाटी तळहातात मावेल एवढी, एका कडेला किंचित चेपलेली आणि बुडाशी वर्षानुवर्षांच्या तुपाने तकाकी आलेली. रात्री जेवण झाले की अण्णा पाय पुढे पसरून बसतात, तळपायाला गाईचे तूप चोळतात आणि वाटीने तळवा घासू लागतात. थोड्या वेळाने तळवाही काळा होतो आणि वाटीचे बूडही. हा काळेपणा म्हणजे डोळ्यांतली उष्णता, ती पायावाटे बाहेर पडली, असे त्यांचे शास्त्र आहे. धातू कातडीवर घासला की काळे येणारच, असे मी एकदा म्हटले होते. त्यावर अण्णांनी मला ज्या नजरेने पाहिले ती नजर पंचाहत्तरीतही अत्यंत तीक्ष्ण होती हे मान्य केले पाहिजे.

वाटीच्या खालोखाल मान मावशींच्या दवाला आहे. पहाटे दव पडलेल्या गवतावर अनवाणी चालले की चष्मा उतरतो. नाशिकच्या आमच्या भागात गवत उरले आहे ते फक्त महापालिकेच्या उद्यानात, आणि तिथे गवतावर चालू नये अशी पाटी आहे, जी मला लांबूनही स्पष्ट वाचता येते. शेजारच्या काकांनी तोंडात पाण्याची गुळणी धरून उघड्या डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारायला सांगितले. मेव्हणीने बदाम, बडीशेप आणि खडीसाखर यांची पूड करून आणली, आणि सर्व उपचारांत हा एकच मी मनापासून केला, कारण ती चवीला फार सुरेख होती. पूड संपली, नंबर तसाच राहिला. मेव्हण्याने मोबाइलवर डोळ्यांच्या व्यायामाचे एक ॲप उतरवून दिले. ते वापरण्यासाठी मोबाइल स्पष्ट दिसावा लागतो, ही किरकोळ अडचण सोडली तर ते उत्तम असावे.

गाजर मात्र सर्वसंमत होते. गाजराच्या कीर्तीत एका युद्धाचा वाटा आहे हे त्या बैठकीत सांगून काही उपयोग झाला नसता, म्हणून इथे सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक रात्रीच्या अंधारात जर्मन विमाने पाडू लागले, त्यामागचे खरे कारण विमानात बसवलेले नवे रडार हे होते. ते गुपित राहावे म्हणून हे वैमानिक भरपूर गाजरे खातात अशी हूल उठवण्यात आली, आणि 'मांजराच्या डोळ्यांचा' म्हणून वृत्तपत्रांनी गाजवलेला जॉन कनिंगहॅम हा वैमानिक त्या गोष्टीचा नायक झाला. जर्मनांचे सोडा, आमच्या मावशींनी ती हूल पूर्ण मानली. गाजराच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे: अ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो आणि कुपोषित मुलांची दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणूनच आपल्याकडे नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना त्या जीवनसत्त्वाचे डोस देतात. पण ज्याच्या पोटात ते आधीच पुरेसे आहे त्याने वर किलोकिलोने गाजरे खाल्ली तर तळहात पिवळे होतील, औषधाच्या पट्टीवरची तारीख दिसणार नाही. हलवा करावा आणि तो हलव्यासाठी खावा.

या सर्व मंडळींत एकाच बाबतीत फूट पडली. "चष्मा लावूच नकोस, एकदा लावला की डोळ्यांना सवय लागते," असे मावशी म्हणाल्या, आणि त्याच सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसलेल्या आत्या म्हणाल्या, "ताबडतोब लाव, नाहीतर नंबर धावत सुटेल." दोघींनीही आपापल्या परिचयातल्या माणसांची उदाहरणे दिली. दोघींची उदाहरणे एकाच माणसाची निघाली. अखेर एवढे ठरले की मी डॉक्टरांकडे जावे, आणि जातोच आहे तर सर्वांच्या शंका विचारून याव्यात. मुलीने त्या एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे तिच्या अत्यंत बारीक आणि वळणदार अक्षरात लिहून दिल्या.

नेत्ररुग्णालयातले प्रतीक्षागृह हे इतर दवाखान्यांतल्या प्रतीक्षागृहांपेक्षा वेगळे असते. इथे कुणी मोबाइल पाहत नाही, कारण निम्म्या लोकांच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब घातलेले असतात आणि ते माना मागे टाकून, डोळे मिटून, भजनाला बसल्यासारखे शांत असतात. मधूनच एक परिचारिका येते, "वर बघा" म्हणते, थेंब घालते आणि "डोळे मिटून बसा, उघडू नका" असे सांगून जाते. उघडू नका म्हटल्यावर पाच मिनिटे डोळे मिटून बसणे सोपे नाही. आपल्या पाकिटावर कुणाचा तरी हात आहे असे सारखे वाटत राहते.

मला आधी एका यंत्रापुढे बसवले. हनुवटी खाली टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचे, आणि आत पाहायचे. आत एक लांबच लांब सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला आकाशात तरंगणारा एक रंगीत फुगा दिसतो. नजर दूरवर निवांत ठरावी म्हणून हे चित्र असते. फुगा धूसर होतो, पुन्हा स्पष्ट होतो, आणि तेवढ्यात यंत्राने आपल्या नंबराचा अंदाज घेऊन टाकलेला असतो. हे यंत्र सज्जन आहे. त्याच्या शेजारचे तसे नाही. ते डोळ्यावर हवेचा झोत मारून आतला दाब मोजते. तो दहा ते एकवीस मिलिमीटर पाऱ्याइतका असला की साधारण ठीक मानतात. "घाबरू नका, जराशी हवा येईल," असे सांगितले जाते, आणि हवा लगेच येत नाही. पहिल्या डोळ्याला गाफील गाठता येते. दुसऱ्या डोळ्याला मात्र झालेला प्रकार समजलेला असतो आणि तो काही केल्या उघडा राहत नाही. माझ्या दुसऱ्या डोळ्याच्या वेळी परिचारिकेला पापणी बोटाने वर धरावी लागली. या दाबाची एवढी काळजी का, हे पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितले: काचबिंदू बहुतेकदा न दुखता, न खुपता, कडेकडेची नजर खात येतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. घरात कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर सख्ख्या नात्यातल्या प्रत्येकाने तपासून घ्यावे. दाब एकवीसच्या आत असला तरी काचबिंदू असू शकतो, म्हणून नुसता आकडा ऐकून निश्चिंतही राहायचे नाही.

मग तो तक्ता. हरमन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ साली तो तयार केला, आणि तेव्हापासून जगभरातली माणसे एक डोळा झाकून खालच्या ओळीतली अक्षरे ओरडून सांगत आली आहेत. सहा मीटरवरून जी ओळ सामान्य डोळ्याला वाचता यावी ती वाचली की सहा बाय सहा. सहा मीटर लांबीची खोली आपल्या शहरांत कुठून मिळणार, म्हणून तक्ता रुग्णाच्या डोक्यामागे आणि समोर आरसा, अशी सोय असते. माझ्या आधीचे गृहस्थ आत वाचत असताना दार अर्धवट उघडे होते आणि मला शेवटची ओळ आपसूक पाठ झाली. पण माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक बटण दाबून अक्षरे बदलली. त्यांच्या चेहऱ्यावरून हा प्रकार त्यांना नवा नसावा.

नंतरचा भाग मी कधी विसरणार नाही. नाकावर एक जड, गोल, सुटी काच बसवता येणारी चौकट चढवली गेली आणि प्रश्न सुरू झाले: "ही बरी, की ही?" काच बदले. "आता? पहिली, की दुसरी?" पुन्हा काच बदले. शाळेपासून आपली अशी समजूत आहे की विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे एक बरोबर उत्तर असते आणि ते विचारणाऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे मी डॉक्टरीणबाईंचा चेहरा वाचण्याचा प्रयत्न करू लागलो, जो त्या क्षणी माझ्या नाकावरच्या काचांमुळे दिसत नव्हता. लाल आणि हिरव्या चौकोनांतली अक्षरे दाखवून त्यांनी कोणती अधिक काळी दिसतात ते विचारले. मी म्हटले, "सारखीच वाटतात हो." चुकले असणार, असे वाटून मी घाईने "पण जराशी हिरव्यातली" असे जोडले. त्या म्हणाल्या, "सारखी दिसत असतील तर सारखीच म्हणा. मला तेच हवं आहे." इतक्या वर्षांच्या शिक्षणात 'दोन्ही सारखेच' हे उत्तर पूर्ण गुणांचे ठरल्याचा हा माझा पहिलाच अनुभव.

दूरचे ठीक निघाले. जवळचे वाचण्यासाठी सव्वाचा अधिक नंबर आला. सव्वाची काच पुढे येताच हातातल्या कार्डावरचा शेवटचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा परिच्छेद एकदम उभा राहिला. मी तो उत्साहाने पूर्ण वाचून दाखवला. एक ओळ पुरे होती.

आता घरच्या शंका. मी लग्नपत्रिका खिशातून काढली आणि पाठीमागचे वाचू लागलो. वाचता येईना. चौकट तोवर काढून घेतली होती. डॉक्टरीणबाईंनी पत्रिका माझ्या हातून घेतली, आणि स्वतःच प्रश्न वाचत स्वतःच उत्तरे देऊ लागल्या. मी नुसता समोर बसलो होतो.

चष्मा लावल्याने सवय लागते का? नाही. न लावल्याने नंबर धावतो का? माझ्या वयात, तेही नाही. डोळ्यातले भिंग तरुणपणी लवचिक असते. जवळचे पाहायचे झाले की त्याच्याभोवतीचा स्नायू आवळतो आणि भिंग फुगीर होते. वय वाढते तसे भिंग ताठर होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास स्नायूने कितीही सांगितले तरी ते वाकत नाही. त्या वयानंतर माणसांचेही तेच होते. साठीपर्यंत नंबर सावकाश वाढेल, चष्मा लावला तरी आणि नाही लावला तरी, म्हणजे मावशी आणि आत्या दोघीही एकदमच हरल्या. मुलांची गोष्ट निराळी. लहानपणी एका डोळ्याचा नंबर लक्षात आला नाही तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, डोळा आळशी होतो, आणि मोठेपणी चष्मा देऊनही ती नजर पुरती येत नाही. म्हणून शाळेत जाण्यापूर्वी एकदा तपासणी हवी. आणि मुलांना रोज उन्हाच्या वेळी बाहेर खेळू द्यावे, त्याने लघुदृष्टी, म्हणजे लांबचे धूसर दिसणे, सुरू होण्याची शक्यता कमी होते. भाच्याच्या हातून चेंडू काढून घेऊन त्याला गाजर देण्याच्या आमच्या घरच्या धोरणावर हा थेट आघात होता.

कमी उजेडात वाचल्याने डोळे बिघडतात का? थकतात, बिघडत नाहीत. मोबाइलने? पडद्याकडे पाहताना आपण पापण्या मिटायला विसरतो; एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवणारी पापणी निम्म्यावर येते, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे. काजळ? बाजारातल्या काही काजळ-सुरम्यांत शिसे सापडते आणि घरच्या काजळाबरोबर बोटावरची घाण डोळ्यात जाते, तान्ह्या बाळाला तर नकोच. रांजणवाडीवर लवंग उगाळून लावावी का? लवंग नको, स्वच्छ कापड कोमट पाण्यात बुडवून शेका. तळहातावर बोट घासून ते गरम गरम पापणीला लावणाऱ्या आमच्या आजीच्या पद्धतीत, म्हणजे, शेक तेवढा बरोबर होता. डावा डोळा लवतो, काय होईल? झोप पुरी करा आणि चहा कमी करा. हा प्रश्न पत्नीचा होता आणि तिला निराळ्या उत्तराची अपेक्षा होती.

एका प्रश्नावर मात्र त्या थांबल्या. "मागच्या वर्षीचे थेंब उरले आहेत, तेच वापरले तर चालतील का?" अशी बाटली आमच्या फ्रिजच्या दारात, खोबऱ्याच्या चटणीच्या डबीला खेटून उभी आहे, आणि घरात कुणाचाही डोळा लाल झाला की ती बाहेर निघते. फोडलेली बाटली महिन्याभरात टाकून द्यायची असते, हे तर झालेच. पण त्यांना चिंता वेगळी होती. लाली झटकन घालवणाऱ्या अशा कित्येक थेंबांत स्टिरॉइड असते. डोळा दुसऱ्या दिवशी पांढराशुभ्र होतो, माणूस खूश होतो, आणि सल्ल्याशिवाय असे वापरत राहिले तर आत दाब वाढून काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही ओढवू शकतात. "शेजारणीला बरे वाटले म्हणून तिची बाटली आणणारे लोक माझ्याकडे फार उशिरा येतात," असे त्या म्हणाल्या. त्यानंतर थोडा वेळ मी विनोदी काही सुचवले नाही.

शेवटचा प्रश्न अण्णांनी मुद्दाम नातीकडून लिहून घेतला होता, आणि तो प्रश्न नसून निवेदन होते: काशाच्या वाटीने पंचाहत्तराव्या वर्षी चष्मा सुटला आहे, तरी हा उपाय आपण इतर रुग्णांना सांगावा. डॉक्टरीणबाईंनी पत्रिका खाली ठेवली. "लांबचं कसं दिसतं त्यांना?" मी आठवू लागलो. गेली दोन वर्षे अण्णा बसथांब्यावर उभे राहून कोणती बस आली हे दुसऱ्याला विचारतात. महापालिकेने पाट्या रंगवायचे कंत्राट कुणाला तरी भलत्यालाच दिले आहे असे त्यांचे म्हणणे. दूरदर्शन संचावर माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. हल्लीचे प्रक्षेपणच भिकार. रात्री समोरच्या गाडीचा दिवा पसरून डोळ्यावर येतो. हल्लीच्या पोरांना डिपर मारायची रीत नाही. "घेऊन या त्यांना," त्या म्हणाल्या. मोतीबिंदू भिंगाच्या गाभ्यात धरू लागला की भिंगाची शक्ती वाढते, डोळा लघुदृष्टीकडे झुकतो आणि वाचण्यासाठी लागणारा अधिक नंबर आपोआप भरून निघतो. म्हातारपणी असा अचानक चष्मा सुटतो तो थोड्या काळापुरता, आणि लांबचे त्याच वेळी धूसर होत जाते.

ही बातमी अण्णांना कशी सांगावी, या विवंचनेत मी बाहेर आलो, आणि तिथे परिचारिकेने मला धरून माझ्याही डोळ्यांत थेंब घातले. मागचा पडदा पाहायचा होता. पडदा उत्तम निघाला. अचानक काळे ठिपके वाढले, कडेला विजा चमकल्यासारखे झाले किंवा पडदा पडल्यासारखी सावली आली तर त्याच दिवशी या, एवढे बजावून त्यांनी मला सोडले. पण या थेंबांचा अंमल काही तास टिकतो. भर दुपारी बाहेर पडलो तर सारे नाशिक पांढरे झाले होते. गाडी चालवण्याचा प्रश्नच नव्हता. रिक्षाने आलो आणि भाड्याची नोट दोनशेची की शंभरची हे रिक्षावाल्याच्या सचोटीवर सोडले. काळा चष्मा लावून सोसायटीच्या जिन्याशी पोहोचतो तो दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी समोर आल्या, माझ्याकडे पाहिले, "अगंबाई, डोळे आले?" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्यांचाही दोष नाही. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ अशी पसरली होती की काळ्या चष्म्याची सर्वांनी धास्ती घेतली. डोळे आलेल्या माणसाकडे पाहिले की आपलेही येतात ही समजूत तेव्हा पुन्हा ताजी झाली. साथ पसरते ती हाताने, टॉवेलने, उशीच्या अभ्र्याने, नजरेने नव्हे. काळा चष्मा रुग्णाला उजेडापासून वाचवतो आणि त्याचे हात डोळ्यांपासून थोडे दूर ठेवतो, एवढेच त्याचे काम. हे मी वहिनींना जिन्यातच समजावू लागलो, पण भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला शास्त्र सांगणे अवघड असते.

चष्म्याच्या दुकानाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथला अपमान सर्वांच्याच परिचयाचा आहे. चौकट निवडताना तिच्यात नंबराच्या काचा नसतात, त्यामुळे आरशाजवळ गेले की आपलाच चेहरा धूसर होतो, आणि आपल्याला काय शोभते हे पत्नी आणि विक्रेता परस्पर ठरवतात. विक्रेत्याने निळ्या प्रकाशापासून वाचवणारे कोटिंग सुचवले. अशा काचांनी संगणकावरचा डोळ्यांचा थकवा कमी होतो असे २०२३ मधल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, आढळले नव्हते, हे मी त्याला सांगितले. त्याने मान डोलावली आणि त्यावर दहा टक्के सूट दिली. काचा मात्र मी प्रोग्रेसिव्ह घेतल्या, वर लांबचे, खाली जवळचे आणि कडेला कशाचेच काही नाही. पायरी उतरताना त्यातून पाहिले की पायरी खालच्या भागात येते, धूसर होते आणि जागा सोडून जराशी पुढे सरकते. त्यावर उपाय म्हणजे नजर खाली न नेता हनुवटी छातीला लावून संपूर्ण मानच खाली घालायची. सोसायटीत मी अलीकडे फार नम्र झालो आहे अशी चर्चा आहे.

अण्णांना नेणे सोपे नव्हते. मोतीबिंदू असल्याचे कळल्यावर ते म्हणाले, "पिकू दे की मग." पूर्वी तो पिकेपर्यंत थांबत, कारण तेव्हाची शस्त्रक्रियाच तशी होती. पण चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून ओढून घेण्याची पद्धत काढल्यापासून जास्त पिकलेला, टणक झालेला मोतीबिंदू हीच उलट डोकेदुखी झाली आहे. मग ते म्हणाले, "थंडी पडू दे." शस्त्रक्रियागृहात बारमाही थंडीच असते, असे उत्तर डॉक्टरीणबाईंनी परस्पर दिले. शेवटी अण्णा वळले ते वैमानिकांच्या गोष्टीने. त्याच महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे ॲक्रिलिकचे तुकडे घुसले आणि डोळ्यांनी ते बिनतक्रार सहन केले, हे हॅरल्ड रिडली या शल्यविशारदाने पाहिले. त्यावरून त्यांनी १९४९ मध्ये लंडनला डोळ्यात कृत्रिम भिंग बसवून दाखवले. गाजराची हूल आणि हे भिंग, दोन्ही एकाच युद्धाची देणगी. अण्णांना शास्त्रापेक्षा शौर्यकथा पटतात.

शस्त्रक्रिया एका डोळ्याची झाली, पोहे खाऊन झाले असते इतक्या वेळात, आणि अण्णा त्याच संध्याकाळी घरी आले. नंतरचे थेंबांचे वेळापत्रक आम्ही फ्रिजवर लावले. सासूबाईंचा पहिल्यापासून एकावर विश्वास नाही. प्रसाद, पोळी आणि थेंब त्या दोनच्या खाली देत नाहीत. डोळ्यात मुळात एक थेंबही पुरता मावत नाही, उरलेले गालावरून वाहून जाते आणि वाहताना पहिल्यालाही घेऊन जाते, आणि दोन वेगळ्या बाटल्यांमध्ये पाच मिनिटांचे अंतर हवे, हे त्यांना पटवताना एक अख्खी बाटली अण्णांच्या बनियनने प्यायली.

पुढच्या काही दिवसांत अण्णा आळीपाळीने एक एक डोळा झाकून घरभर फिरू लागले. जुन्या डोळ्याने सारे पिवळसर, नव्या डोळ्याने स्वच्छ. पिवळे पडलेले भिंग निघाले की रंग असे धुऊन निघतात. एका सकाळी त्यांनी दुधाचे पातेले या डोळ्याने पाहिले, मग त्या डोळ्याने पाहिले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हशीच्या भावात गाईचे दूध देतोस म्हणून गेली दोन वर्षे ते दूधवाल्याशी रोज भांडत होते.

दूधवाल्याशी समेट झाला, माझ्याशी झालेला नाही. बसवलेले भिंग लांबचे दाखवते, त्यामुळे निमाणीची पाटी आता अण्णा माझ्याआधी वाचतात. पण वर्तमानपत्र वाचायला चष्मा लागतो. म्हणजे वाटीने सोडवलेला चष्मा जावयाने परत लावला, अशी ती तक्रार आहे आणि ती नातेवाइकांत सर्वदूर पोहोचली आहे. दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायला आम्ही गेलो तेव्हा प्रतीक्षागृहात अण्णा डोळ्यांत थेंब घालून, मान मागे टाकून बसले होते. शेजारच्या वृद्ध बाईंनी डोळे मिटूनच विचारले, "एका डोळ्याचं झालं म्हणता, कसं दिसतं हो आता?" अण्णाही डोळे मिटूनच म्हणाले, "लख्ख. डॉक्टरांचा हात चांगला आहेच, पण मी तीस वर्षं काशाची वाटी वापरतो." क्षणभर शांतता झाली. मग पलीकडच्या खुर्चीवरून, मिटलेल्या डोळ्यांच्या एका तिसऱ्याच गृहस्थाचा आवाज आला, "भांडी बाजारात कुठल्या दुकानात मिळते?"